‘इम्पॉसिबल’च का, ‘अनपॉसिबल’ का नाही?

पत्र: ताई, आम्ही नाशिकरोडला, जेल रोडला राहतो. मिस्टर प्रेसमध्ये आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्लिश. घटक चाचणीत विरुद्धार्थी शब्दांत तिनं ‘अनपॉसिबल’ लिहिलं, त्यावर काट बसली. मग तिला गाइडमध्ये नियम सापडला की पुढे प किंवा म आला की ‘इम’ लावायचा. पुढच्या चाचणीत तिनं ‘पॉप्युलर’चं ‘इम्पॉप्युलर’ केलं, तेही चूक निघालं. आता बाईंनी दोनशे शब्दांची यादी पाठ करायला दिली आहे. रोज रात्री वही घेऊन बसते आणि रडते. म्हणते, “आई, याला नियमच नाही.” मी बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकले, मला काही सांगता येत नाही. आठशे रुपये महिन्याची शिकवणी लावू का? की पाठच करून घेऊ?
— एक आई, नाशिकरोड

नमस्कार ताई,

शिकवणी लावू नका, एवढ्यासाठी तर नकोच. यादीही दोन आठवडे कपाटात राहू द्या. आज रात्री लेकीला जवळ घेऊन आधी हे सांगा की तिनं ‘अनपॉसिबल’ लिहिलं ते डोकं चालवून लिहिलं. ‘हॅपी’चं ‘अनहॅपी’ होतं, ‘लकी’चं ‘अनलकी’ होतं, मग ‘पॉसिबल’चं ‘अनपॉसिबल’ का होऊ नये? ‘इम्पॉप्युलर’ तर त्याहून पुढची पायरी. नियम वाचला, लक्षात ठेवला आणि वेळेवर वापरला. गाइडनं नियम अर्धाच सांगितला, त्याला ती काय करणार?

मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मराठी माध्यमातल्या आईला यात काही सांगता येणार नाही, असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं, कारण उपसर्गांचा हा धडा मराठीतून जितका लख्ख कळतो तितका इंग्रजीतून कळत नाही. तो शिकवायला तुम्ही पुरेशा आहात.

सुरुवात अशी करा. तिला विचारा, ‘हजर’च्या उलट काय? ती म्हणेल गैरहजर. ‘शक्य’च्या उलट? अशक्य. आता विचारा, ‘अहजर’ का नाही? ‘गैरशक्य’ का नाही? ती हसेल. मग एकेक शब्द टाकत जा: जबाबदार, लायक, पगारी, अनुदानित. ती न अडखळता बेजबाबदार, नालायक, बिनपगारी, विनाअनुदानित म्हणत जाईल. सहा शब्दांना सहा वेगळे उपसर्ग लागले आणि त्यातली एकही जोडी तिच्याकडून कुणी पाठ करून घेतलेली नव्हती. घरात, शाळेत, ठक्कर बाजारला विनाथांबा बसची पाटी वाचताना ते कानात बसत गेलं. “याला नियमच नाही” असं तिला मराठीबद्दल कधी वाटलं नाही.

मग कारण सांगा. ‘शक्य’ संस्कृतातून आला, म्हणून त्याला संस्कृतचा ‘अ’. ‘हजर’, ‘जबाबदार’, ‘लायक’, ‘कायदा’ हे फारसी कारभाराबरोबर आले आणि येताना ‘बे’, ‘गैर’, ‘ना’ सोबत घेऊन आले. इंग्रजीचं घर असंच बांधलेलं आहे. ‘अन’ हा तिथला मूळचा, घरचा. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, पुढे कित्येक पिढ्या दरबार आणि कचेऱ्या फ्रेंचमध्ये चालल्या, आणि फ्रेंच ही लॅटिनची लेक. त्या वाटेनं आणि पुढे थेट लॅटिन ग्रंथांतून ‘पॉसिबल’, ‘लीगल’, ‘रेग्युलर’ असे हजारो शब्द आले. त्यांच्याबरोबर लॅटिनचा ‘इन’ आला. ‘अन’ आणि ‘इन’ यांचं काम एकच, माहेर वेगळं.

पण घरचा आणि बाहेरचा ही रेघ काही पक्की राहत नाही. आपल्याकडे ‘गैरसमज’ बघा: समज आपली, गैर बाहेरचा. ‘नापास’मध्ये तर फारसी ‘ना’ इंग्रजी ‘पास’ला जाऊन चिकटला. तसाच इंग्रजीतला ‘अन’ मोकळ्या स्वभावाचा आहे, लॅटिनच्या शब्दांनाही लागतो. ‘पॉप्युलर’ लॅटिनमधला, तरी त्याचं ‘अनपॉप्युलर’ होतं. तुमची लेक अडकली ती नेमकी इथे.

आता गाइडचा नियम. ‘इम’ हा वेगळा उपसर्ग नाहीच. तो ‘इन’च आहे, फक्त ओठांपाशी येऊन बदललेला. तिला ‘इन-पॉसिबल’ पाच वेळा भरभर म्हणायला लावा. पाचव्या वेळेपर्यंत ‘न’चा ‘म’ होऊ लागेल, कारण ‘प’साठी ओठ आधीच मिटायला लागतात. हे तिला नवीन नाही. ‘गंगा’, ‘पंचवटी’ आणि ‘त्र्यंबक’ हे तीन शब्द हळूहळू म्हणायला सांगा आणि टिंबाच्या जागी जीभ कुठे जाते ते बघायला सांगा. गंगेत ती मागे घशाकडे जाते, पंचवटीत टाळूला लागते, त्र्यंबकला ओठ मिटून चक्क ‘म’ उमटतो. लिहिताना तिन्ही ठिकाणी एकच टिंब, उच्चार मात्र पुढच्या अक्षराच्या हुकमानं. ‘इन’चंही तेच. पुढे प, ब, म आला की ‘इम’, ल आला की ‘इल’, र आला की ‘इर’. म्हणून इम्मॅच्युअर, इल्लीगल, इर्रेग्युलर. आपल्या तत् आणि लीनचं तल्लीन होतं, उद् आणि लेखचा उल्लेख होतो, तीच ही गोष्ट.

घरचा ‘अन’ मात्र कुणासाठी बदलत नाही. हॉटेलच्या पाटीवर अनलिमिटेड थाळी, नाशिकरोड स्टेशनात येणाऱ्या गाडीचा अनरिझर्व्ह्ड डबा, पगाराच्या कागदावरची अनपेड रजा. पुढे ल असो, र असो की प असो, तो ‘अन’च राहतो. म्हणजे पायऱ्या दोन आहेत. आधी ठरवायचं, अन की इन. इन ठरला तरच दुसरी पायरी, इम-इल-इर. गाइडनं पहिली पायरी गाळून थेट दुसरी दिली.

पहिली पायरी कशी ओळखायची? इथे मी तुमच्याशी खरं बोलते: शंभर टक्के चालणारा नियम नाही. पण शब्दाचं शेपूट बरंच सांगतं. शेवटी ‘ईडी’ असेल, जसं रिझर्व्ह्ड, मॅरिड, फिनिश्ड, तर बहुधा ‘अन’. शेवटी ‘फुल’ असेल तरी ‘अन’, जसं सक्सेसफुल. हॅपी, लकी, हेल्दी अशा घरगुती शब्दांनाही ‘अन’. शेपूट ‘इबल’ असून ते स्पेलिंगमध्ये ‘आय’नं लिहिलेलं असेल, पॉसिबल, व्हिजिबल, क्रेडिबल, तर जवळजवळ नेहमी ‘इन’. तेच ‘ए’नं लिहिलेलं ‘एबल’ असेल तर दोन्ही सापडतात, तिथे शब्द बघूनच घ्यावा लागतो. ‘पेशंट’, ‘डिपेंडंट’, ‘कन्व्हीनियंट’ अशा शेपटाला बहुतेक ‘इन’, पण ‘प्लेझंट’ हट्टी, त्याला ‘अन’. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच ‘इम’ किंवा ‘इन’ असेल तर ‘अन’ घ्यायचा: अनइम्पॉर्टंट.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते, कारण दहावीपर्यंत तो पुन्हा पुन्हा येतो. एकाच घरातले दोन शब्द वेगवेगळे उपसर्ग घेतात. ‘अनेबल’ पण ‘इनॅबिलिटी’. ‘अनजस्ट’ पण ‘इनजस्टिस’. ‘अनइक्वल’ पण ‘इनइक्वॅलिटी’. विशेषणाला अन, नामाला इन. या जोड्या जोडीनंच वहीत उतरवायच्या, एकटा शब्द लिहायचा नाही.

स्पेलिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं मार्क तिथेच घालवतात. आणि ते तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं कळेल, कारण तुम्ही शिवता. बाही अंगाला जोडताना तुम्ही बाहीही कापत नाही आणि अंगही कापत नाही, दोन्ही पुरे तुकडे एकमेकांना लावता. उपसर्ग असाच जोडायचा. ‘अन’चा शेवट ‘एन’, ‘नेसेसरी’ची सुरुवात ‘एन’, म्हणून अननेसेसरीत दोन एन येतात. ‘डिस’ आणि ‘सॅटिस्फाइड’ जोडलं की दोन एस. ‘डिस’ आणि ‘अपिअर’ जोडलं तर एस एकच, कारण अपिअरकडे एसच नाही, त्याच्याकडे दोन पी आहेत आणि ते तसेच राहतात. इल्लीगलमध्ये दोन एल का? एक ‘लीगल’चा स्वतःचा, दुसरा ‘इन’चा बदललेला ‘एन’. टेबलावर कापडाचे दोन तुकडे ठेवून हे एकदा दाखवा, पुन्हा सांगावं लागणार नाही.

तुमच्याच कामातला आणखी एक शब्द आहे आणि तो मला फार आवडतो. ड्रेस मटेरियलच्या पाकिटावर ‘अनस्टिच्ड’ लिहिलेलं असतं. ते कापड न शिवलेलं आहे, उसवलेलं नाही. पण उसवणे या कामालाही इंग्रजीत ‘अन’च लागतो: शिवण ‘अनपिक’ करायची, गाठ ‘अनटाय’ करायची, कुलूप ‘अनलॉक’ करायचं. म्हणजे दिसायला एक असले तरी हे दोन ‘अन’ आहेत. एक विशेषणाला लागतो आणि ‘तसं नाही’ एवढंच सांगतो. दुसरा क्रियापदाला लागतो आणि केलेलं काम उलटवतो. दोघांचं मूळही वेगळं आहे. मराठीत या दुसऱ्यासाठी उपसर्ग लावत नाहीत, सरळ वेगळं क्रियापद असतं: शिवणे-उसवणे, बांधणे-सोडणे, गुंडाळणे-उलगडणे. मुलांना इंग्रजीतला हा ‘अन’ चटकन उमजत नाही तो यामुळे. न शिवलेला कपडा आणि उसवलेला कपडा तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा.

‘नॉन’ शिकवायला तिच्या बाबांना बसवा. स्टॅम्प पेपर नाशिकरोडच्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. घरात भाडेकराराचा जुना स्टॅम्प पेपर असेल तर काढा. त्यावर इंग्रजीत ‘इंडिया नॉन ज्युडिशियल’ आणि हिंदीत ‘भारतीय गैर न्यायिक’ असं छापलेलं असतं. एकाच कागदावर दोन भाषांचे दोन उपसर्ग. ‘नॉन’ कुणाला नावं ठेवत नाही, फक्त वर्गवारी करतो: हा कागद कोर्टाच्या कामाचा नाही, बस. नॉन-क्रिमिलेअर दाखल्यातला ‘नॉन’ही तसाच. याच घरातल्या ‘ज्युडिशस’ला ‘इन’ लावलं की अर्थ होतो अविचारी, आणि तो माणसाचा दोष झाला. ‘अनऑर्गनाइज्ड’ आणि ‘डिसऑर्गनाइज्ड’ यांतही हेच अंतर आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा कामगार असंघटित असतो, म्हणून तो अनऑर्गनाइज्ड क्षेत्रातला. डिसऑर्गनाइज्ड म्हणजे अव्यवस्थित. कष्टकरी माणसाला चुकून गबाळा म्हटलं जाऊ नये, म्हणून हा फरक तिला नीट कळायला हवा.

‘मिस’ आणि ‘डिस’ यांच्यात आपली मराठी थोडी अडचण करते, कारण आपला ‘गैर’ दोन कामं करतो. गैरहजर म्हणजे हजर नसलेला, पण गैरवापर म्हणजे वापर नसणं नव्हे, चुकीचा वापर. ‘मिसयूज’ हा गैरवापर. ‘डिसयूज’ म्हणजे वापरात नसणं, पडून राहिलेल्या आडासारखं.

आणि एक काळजी. मराठीतला उपसर्ग बघून इंग्रजीतला ठरवू नका. अशक्यचं ‘इम्पॉसिबल’, पण अज्ञातचं ‘अननोन’. दोन्हीकडे आपला ‘अ’, तिकडे मात्र दोन वेगळे. मराठीनं कारण समजतं, उत्तर नाही.

काही शब्दांत ‘इन’ किंवा ‘इर’ दिसतो पण तो नकाराचा नसतोच. लॅटिनमध्ये दिसायला सारखाच आणखी एक ‘इन’ आहे, त्याचा अर्थ ‘आत’. ‘इरिगेशन’मधला ‘इर’ तो. गंगापूर धरणाचं पाणी शेतात सोडायचं, ते इरिगेशन. ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ही तोच. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघालेल्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, अर्थ ज्वालाग्राही. माझा एक माजी विद्यार्थी वर्कशॉपमध्ये लागला तेव्हा थिनरच्या डब्यावरचा हा शब्द वाचून तो ‘न पेटणारं’ समजला आणि डबा वेल्डिंगच्या शेजारी ठेवून मोकळा झाला. शेजारच्या मिस्त्रीनं वेळेत उचलला. त्या दिवसापासून मी हा शब्द दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहीत आले. धोका टळावा म्हणून आता पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात, अर्थ तोच. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजेही कवडीमोल नव्हे. तिथे नकार खराच आहे, पण तो आपल्या ‘अमूल्य’मधल्या ‘अ’सारखा: मोल करता येणार नाही इतकं मोलाचं. ‘इन्फमस’ म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध.

हे सगळं एका रात्रीत नको. रोज पंधरा मिनिटं, पाच शब्द, आणि प्रत्येक शब्द तिच्या स्वतःच्या वाक्यात. ‘इम्पेशंट’ एकटा विसरला जातो. ‘आई मशीनवर बसली की मी इम्पेशंट होते’ हे राहतं. बाईंनाही एकदा भेटा. साठ मुलांच्या वर्गात यादी देण्यावाचून त्यांच्याकडे फारसा इलाज नसतो, आणि “आम्ही घरी वाक्यांतून करून घेतोय” असं सांगितलंत तर त्यांनाही बरंच वाटेल. दोन आठवड्यांनी ती यादी काढा. निम्मे शब्द तिला आधीच येत असतील, तेवढ्यांवर तिलाच बरोबरची खूण करू द्या. राहिलेले थोडे पाठ करावे लागतील, आणि तेव्हा ते जड जाणार नाहीत.

शेवटची गोष्ट तिला रामकुंडावर नेऊन सांगा, एखाद्या रविवारी, गर्दी कमी असताना. आपलं संस्कृतातून आलेलं ‘अ’ आणि ‘अन्’, इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा ‘इन’ आणि ‘ॲनिमिया’मधला ग्रीक ‘अन’ हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं आणि पुढच्या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. ‘अज्ञात’मधला ‘ज्ञा’ आणि ‘अननोन’मधला ‘नो’ एकच आहेत. त्या ‘नो’च्या स्पेलिंगमध्ये आता मुका झालेला ‘के’ एके काळी उच्चारला जात होता. आणि सिंहस्थ ज्याच्या थेंबासाठी भरतो ते अमृत: अ आणि मृत. लॅटिनमध्ये ‘इन’ आणि ‘मॉर्टल’, पुढे ‘म’ आला म्हणून ‘इम’, झालं ‘इम्मॉर्टल’. तोच उपसर्ग, तोच धातू. ‘इम’ का लागतो हे तिथे उभं राहून तिलाच सांगू द्या, तुम्ही फक्त विचारा.

महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. मार्क कळवले नाहीत तरी चालेल, पण यादीत नसलेला आणि तिनं स्वतः कुठल्या तरी पाटीवर किंवा पाकिटावर शोधलेला एक शब्द नक्की कळवा.

तुमची,
ताई